डिंकाची बाजू

जतहून तिकिटं यायची सायकलवर,
मलकाप्पा रनरच्या खाकी पिशवीत,
मनिऑर्डरींच्या नोटांखाली दबून.
त्या श्रावणात नवी आली, पंचवीस पैशांची,
आठांचा एकच तुकडा.
आप्पांनी तो उजेडात धरून उलटसुलट पाहिला.

आमचं पोस्ट म्हणजे आमची पडवी :
एक शिक्का, एक तराजू, लाखेची कांडी,
आणि भिंतीला पाठ लावून बसलेले,
पत्र वाचून घ्यायला आलेले लोक.

"ही काय, उलटी छत्री?"
गुरबसू लोहारानं विचारलं.
आप्पांनी सर्क्युलर वाचलं होतं. म्हणाले,
आकाशात एक यंत्र टांगलंय,
ते खाली खेड्यांना शिकवतं.
"टांगलंय कशाला?"
याचं उत्तर सर्क्युलरात नव्हतं.

यंत्र शिकवायचं ते ओढ्यापलीकडच्या गावाला.
पलीकडे विजापूर जिल्हा, राज्यच दुसरं.
त्यांच्या शाळेच्या अंगणात
कोंबड्यांच्या जाळीची केवढी थोरली परात,
आभाळाकडं आ करून.
आमच्या वाट्याला ओढ्याचा हा काठ
आणि तिकीट.

मग आम्हीच जायचो, दिवेलागणीला.
निंगव्वा पुढे, कंदील घेऊन; तिचं माहेर तिकडचं.
पेटीतली बाई कानडीत सांगायची
शेळीचं पोट फुगलं तर काय करावं,
निंगव्वा ते आमच्यासाठी मराठीत करायची
आणि पटलं नाही ते सरळ गाळायची.
एकदा म्हणाली, "ही म्हणती, बाळाला पहिलं दूध पाजा,
पिळून टाकू नका."
थोडी थांबली.
"मला कुणी सांगितलं नव्हतं," म्हणाली.
हे वाक्य पेटीतलं नसावं.
पेटीत तेव्हा नांगर चालला होता.

शेवटी दिल्लीच्या हिंदी बातम्या.
तेवढा वेळ दोन्ही गावं सारखीच गप्प.

तिकिटं मात्र खपेनात.
लोकांना लागायचं कार्ड, पंधरा पैशांचं.
तरी एक गेलं तेजपूरला, सुभेदाराच्या पोराला,
एक मिरजेच्या दवाखान्याला,
आणि एक गुरबसूच्या अर्जावर, कलेक्टर, सांगली :
आमच्याही गावाला सदर यंत्र मिळावे.
आप्पांनी शिक्का असा हलक्या हातानं मारला
की छत्रीला धक्का लागू नये.
उत्तर आलं नाही.
गुरबसू रोज टपाल फुटताना येऊन बसायचा,
भाता तसाच सोडून.

बाकीची कुठं गेली, आठवत नाही.
आठवं मी घेतलं.
सगळे जेवत होते, डबी उघडीच होती.
जिभेवर ठेवलं तर गोड, मागून तुरट,
थोडं लाखेसारखं.
मग पडवीच्या खांबाला लावलं, टाचा उंचावून,
हात पोचेल तिथवर वर.
टांगायचं तर उंचच टांगायला हवं,
एवढं मला कळत होतं.

रात्री आप्पांनी हिशेब दोनदा मांडला.
खांबाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं,
आणि वहीत लिहिलं :
तूट पंचवीस पैसे. भरली.

वर्षानं ते यंत्र त्याच्या मालकांनी परत नेलं,
म्हणजे आकाशातच कुठंतरी सरकवलं म्हणे.
पलीकडच्या परातीत पुढं खरंच कोंबड्या बसल्या.
निंगव्वाच्या सुनेला मुलगी झाली,
त्या दिवशी ती दारातच पाय आडवा टाकून बसली,
सुईणीलाही उत्तर दिलं नाही
दूध पाजून होईस्तोवर.

परवा गावी गेले होते.
पोस्ट आता बसथांब्याजवळ, पडवीत भावाची मोटारसायकल.
खांबावर चारदा रंग बसलाय,
तरी बोट फिरवलं की चौकोन लागतो,
कडेचे दातेसुद्धा.
केवढं उंच लावलं होतं मी.
माझ्या कमरेशी आहे.